सनद आणि शपथ : सैन्यातील अधिकारी व जवान

व्यापारी कुटुंबांत मुलांच्या भवितव्याची चर्चा बहुधा ठरलेल्या वाटांनी जाते. दुकान, अडत, कारखाना, सनदी लेखापालाची परीक्षा किंवा परदेशातील पदवी एवढ्यांत ती संपते. मात्र अलीकडे अशा घरांतूनही एखादा मुलगा वा मुलगी ‘मला सैन्यात जायचे आहे’ असे निश्चयाने सांगते. घरातील पहिली प्रतिक्रिया काळजीची असते आणि दुसरी चौकशीची. पगार किती, नेमणूक कोठे, रजा किती दिवसांची, असे प्रश्न लगोलग येतात. त्यांच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : सैन्यात जायचे ते कोणत्या दाराने?

भारतीय भूसेनेत शिरण्याची मुख्य दारे दोन आहेत. एका दाराने जवान प्रवेश करतो, दुसऱ्या दाराने अधिकारी. दोघांचा ध्वज एक, दोघांचा शत्रू एक, मृत्यूची शक्यताही दोघांना सारखीच. परंतु प्रवेशाची रीत, शिक्षण, जबाबदारी, वेतन, निवृत्तीचे वय आणि समाजात मिळणारी वागणूक यांत मोठे अंतर आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी केलेली निवड पुढील सर्व आयुष्याला वळण देते. म्हणून हे अंतर नेमके कशाचे आहे आणि कशाचे नाही, हे समजून घेणे पालकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

श्रेणींची उतरंड

भूसेनेत तीन थर आहेत. पहिला थर जवानांचा. त्यात शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि हवालदार या श्रेणी येतात. दुसरा थर कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्यांचा; नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. जवान म्हणून भरती झालेलेच बहुतांश या थरापर्यंत चढतात. तिसरा थर राजादिष्ट अधिकाऱ्यांचा. लेफ्टनंटपासून आरंभ होऊन कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि जनरल असा तो चढत जातो. फील्ड मार्शल हा सर्वोच्च बहुमान आजवर दोघांनाच लाभला आहे : १९७३ साली सॅम माणेकशा यांना आणि १९८६ साली के. एम. करिअप्पा यांना.

नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द मराठी माणसाला परके नाहीत. शिवकालीन पायदळातही नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी पदांची चढण होती. आज पायदळात साधारण १० जणांच्या सेक्शनचे नेतृत्व हवालदार किंवा नाईक करतो. तीन सेक्शनची एक प्लाटून होते आणि ती बहुधा नायब सुभेदार वा सुभेदाराच्या हाती असते. तीन प्लाटून मिळून सुमारे १२० जणांची कंपनी बनते. तिचा प्रमुख मेजर. अशा कंपन्यांची मिळून सुमारे ८०० जणांची पलटण, म्हणजे बटालियन, आणि तिचा मुख्य कर्नल. एवढ्या मोठ्या पलटणीत राजादिष्ट अधिकारी वीसेकच असतात. या प्रमाणावरूनच दोन दारांच्या रुंदीतील फरक ध्यानात यावा.

दोन दारे

जवानाच्या दारात शरीराची कसोटी मोठी आहे. शालेय शिक्षण, लेखी परीक्षा, धावणे, वैद्यकीय तपासणी या पायऱ्या ओलांडून उमेदवार एखाद्या रेजिमेंटच्या केंद्रात दाखल होतो. बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, पुण्याजवळ खडकी येथील बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, अहिल्यानगरचे चिलखती दलाचे केंद्र, नागपूरजवळ कामठी येथील गार्ड्सचे केंद्र ही नावे आपल्या परिचयाची आहेत. तेथे साधारणतः सहा-सात महिन्यांत गावाकडचा तरुण सैनिक होतो. प्रशिक्षणाच्या अखेरीस ‘कसम परेड’ होते. भूमी, जल वा आकाश या कोणत्याही मार्गाने जेथे पाठवाल तेथे जाईन आणि प्राण गेला तरी कर्तव्य सोडणार नाही, या आशयाची शपथ तो घेतो.

अधिकाऱ्याच्या दारात बुद्धी आणि वृत्ती यांची पारख अधिक. बारावीनंतर संघ लोकसेवा आयोगाची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. तीत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची निवड मंडळापुढे पाच दिवसांची मुलाखत होते आणि तिलाही ९०० गुण आहेत. म्हणजे पुस्तकी तयारी जेवढी मोलाची, तेवढेच मोल माणूस म्हणून केलेल्या परीक्षेला. या पाच दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, गटचर्चा, प्रत्यक्ष मैदानावरील कामगिऱ्या आणि मुलाखत असा क्रम असतो. एक दोर, एक फळी आणि एक बल्ली हाती देऊन गटाला अडथळा पार करायला सांगतात. कोण सर्वांत आधी पलीकडे पोहोचला, हे परीक्षकाला पाहायचे नसते. कोणाचे बोलणे इतरांनी ऐकले, मागे राहिलेल्याला हात कोणी दिला, युक्ती फसल्यावर दोष कोणावर ढकलला गेला, इकडे त्याचे लक्ष असते.

निवड झालेला विद्यार्थी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे राहतो, पदवी मिळवतो आणि नंतर देहरादूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीत एक वर्ष घालवतो. पदवीधरांना थेट देहरादूनला किंवा चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत जाण्याचे मार्गही खुले आहेत. शिक्षणाचा खर्च शासन उचलते. दीक्षान्त संचलनाच्या शेवटी छात्र ‘अंतिम पग’ नावाची रेषा ओलांडतो आणि आईवडील आपल्या हातांनी त्याच्या खांद्यावर तारे लावतात. अनेक रेजिमेंट केंद्रांत कसम परेडच्या दिवशी जवानाच्या मातापित्यांनाही ‘गौरव पदक’ दिले जाते. मूल देशाला दिल्याची नोंद दोन्ही दारांत घेतली जाते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सनदेचा अर्थ

‘सनदी लेखापाल’ हा शब्द आपल्या घरांत रोज उच्चारला जातो. त्या लेखापालाच्या सहीला वजन येते ते सनदेमुळे. ताळेबंदावर त्याने सही केली की आकड्यांची जबाबदारी त्याच्या शिरावर येते. ‘कारकुनाने चूक केली’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. सैन्यातील अधिकाऱ्याची सनदही अशीच असते. ती राष्ट्रपतींच्या नावाने दिली जाते आणि तिच्या बळावर तो इतरांना हुकूम देऊ शकतो. जवान जेव्हा त्याला सलाम करतो तेव्हा तो त्या व्यक्तीच्या वयाला, शिक्षणाला किंवा घराण्याला नसतो. तो त्या सनदेला असतो.

या सनदेसोबत मोठी सत्ता येते. १९५० च्या सैन्य अधिनियमानुसार पलटणीचा मुख्य अधिकारी आपल्या हाताखालील जवानावर ‘समरी कोर्ट मार्शल’ चालवू शकतो. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील श्रेणीचा मुख्य अधिकारी त्यात एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा देऊ शकतो. अधिकारी आणि सुभेदार वर्गातील व्यक्तींवर मात्र असा खटला चालवता येत नाही. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता द्यायची तर तिला बांध हवा. तो बांध शिकवणुकीचा आहे. १० डिसेंबर १९३२ रोजी देहरादूनच्या प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन करताना तत्कालीन सरसेनापती फिलिप चेटवुड यांनी अधिकाऱ्याच्या कर्तव्याचा क्रम सांगितला. देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण प्रथम. हाताखालच्या जवानांचा मान, कल्याण आणि सोय त्यानंतर. आणि स्वतःची सोय व सुरक्षितता नेहमीच सर्वांत शेवटी. आजही प्रबोधिनीत या क्रमावर छात्रांना घडवले जाते.

जवानाची शपथ त्याला स्वतःच्या कर्तव्याशी बांधते. अधिकाऱ्याला सनद इतरांच्या प्राणांशी बांधते. रात्रीच्या गस्तीला कोणाला पाठवायचे, टेकडी आज घ्यायची की उद्या, जखमीला आणण्यासाठी आणखी दोघांना धोक्यात घालायचे की नाही, हे निर्णय त्याला घ्यावे लागतात आणि त्यांचे परिणाम जन्मभर मनात वागवावे लागतात. दोन दारांतील खरे अंतर या उत्तरदायित्वाचे आहे.

सुभेदारसाहेब

जुन्या पेढीवर एक दृश्य असे. शेठजींचा तरुण मुलगा शिकून येऊन गादीवर बसला की शेजारी तीस वर्षांचे जुने मुनीम असत. सहीचा अधिकार मुलाचा, पण कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यावी, कोणाचा शब्द सोन्यासारखा आणि कोणाची हुंडी कच्ची, हे मुनीमजींना ठाऊक. शहाणा मुलगा त्यांना विचारून सही करी. ज्याने विचारले नाही, त्याने पेढीचे काय केले याच्या कथा प्रत्येक बाजारपेठेत सांगितल्या जातात.

पलटणीत हे स्थान सुभेदाराचे आहे. बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट पलटणीत रुजू होतो तेव्हा त्याच्या हाताखालच्या सुभेदाराची नोकरी कदाचित त्याच्या वयाइतकी झालेली असते. नियमाने लेफ्टनंट वरिष्ठ आहे. तरीही तो सुभेदाराला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. ही भूसेनेची जुनी रीत आहे. कोणत्या जवानाच्या घरी जमिनीचा तंटा चालू आहे, कोणाची आई आजारी आहे, कोण बाहेरून धीट दिसतो पण आतून खचला आहे, हे सुभेदाराला माहीत असते. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून अन्यत्र जातो. जवान आणि सुभेदार मात्र बहुधा आपले सारे आयुष्य त्याच पलटणीत काढतात. पलटणीची स्मृती त्यांच्यापाशी राहते. म्हणूनच सुभेदार मेजर हा मुख्य अधिकाऱ्याचा जवानांविषयीचा प्रमुख सल्लागार मानला जातो.

पेढीची उपमा येथपर्यंतच चालते. पेढीवरील गादी जन्माने मिळत असे. सैन्यातील सनद मिळवावी लागते. ती सर्वांना सारखी मिळवता येते काय, याचे उत्तर इतिहासात पाहावे लागेल.

भिंत कोणी उभारली?

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हिंदी शिपाई कितीही शूर असला तरी सुभेदाराच्या पुढे जाऊ शकत नसे. केस पांढरे झालेल्या सुभेदारालाही विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम पाळावा लागे. पुढे राणीच्या राज्यातही ही रचना कायम राहिली. सुभेदार-जमादारांना ‘व्हाइसरॉयचे सनदी अधिकारी’ म्हणत. त्यांचा अधिकार हिंदी सैनिकांपुरता मर्यादित होता. राजाची पूर्ण सनद गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. शौर्यपदकालाही हीच भिंत आडवी येई. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांसाठी १९११ साली खुला झाला.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी परक्या भूमीवर रक्त सांडल्यावर या भिंतीला पहिली खिंड पडली. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात दरवर्षी अवघ्या १० जागा हिंदी तरुणांना मिळू लागल्या. इंदूरच्या डेली कॉलेजमध्ये प्रशिक्षण घेऊन १९१९ साली सनद मिळवणाऱ्यांत करिअप्पा होते. १९३२ मध्ये देहरादूनची प्रबोधिनी स्थापन झाली. तिच्या ४० जणांच्या पहिल्या तुकडीत माणेकशा होते. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पांनी इंग्रज सरसेनापतीकडून सूत्रे घेतली आणि तो दिवस आपण सैन्यदिन म्हणून पाळतो. १९६५ मध्ये ‘जमादार’ हे जुने पदनाम जाऊन ‘नायब सुभेदार’ आले.

वर्णाची भिंत अशी पडली. जवान आणि अधिकारी हे दोन वर्ग मात्र राहिले आणि जगातील जवळजवळ सर्व सैन्यांत ते आहेत. काही जुन्या खुणाही राहिल्या. अधिकाऱ्याच्या दिमतीला जवान ‘सहायक’ म्हणून देण्याची पद्धत ही त्यांतील एक. युद्धभूमीवर अधिकाऱ्याचा संदेश, शस्त्र व सामान सांभाळणारा जोडीदार, हा तिचा मूळ हेतू. पण शांततेच्या ठाण्यांत ती घरकामापर्यंत घसरते, अशी तक्रार वारंवार झाली आहे. ही प्रथा बंद करावी, अशी शिफारस संसदेच्या समितीनेही केली होती.

ओलांडलेली रेषा

एका दाराने आत आलेला दुसऱ्या दाराने बाहेर पडू शकतो काय? होय, आणि त्याचे तेजस्वी उदाहरण आपल्या शेजारच्या कारवारचे आहे. राम राघोबा राणे यांचा जन्म १९१८ चा. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, श्रेणी चढत गेले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना अधिकाऱ्याची सनद मिळाली.

चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी या मार्गावर भारतीय सैन्य पुढे सरकत होते. रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडे पाडून अडथळे उभे केलेले आणि वरच्या टेकड्यांवरून शत्रूचा मारा चाललेला. ८ एप्रिलला राणे यांच्या तुकडीतील काही जण ठार झाले, काही जखमी झाले. राणे स्वतःही जखमी झाले, पण मागे गेले नाहीत. ११ एप्रिलपर्यंत ते रस्ता मोकळा करीत राहिले. रणगाड्याच्या आडोशाने, जमिनीशी सरपटत, हातांनी सुरुंग काढत त्यांनी वाट करून दिली. परमवीर चक्राचे ते पहिले हयात मानकरी ठरले. त्यांच्या खांद्यावरील तारा चार महिन्यांचा होता, हातांतील कसब मात्र सात वर्षांच्या सैनिकीचे होते.

आज ही वाट पद्धतशीर आखलेली आहे. होतकरू जवानांसाठी देहरादून येथे आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तेथे तीन वर्षांचे शिक्षण घेऊन पदवी मिळवलेला जवान पुढे सैन्य प्रबोधिनीत इतर छात्रांच्या खांद्याला खांदा लावून एक वर्ष काढतो आणि तीच सनद घेऊन बाहेर पडतो. प्रौढ व अनुभवी जवानांसाठी निराळ्या योजना आहेत. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी निवडक सुभेदारांना मानद लेफ्टनंट व मानद कॅप्टन ही पदे दिली जातात. रेषा आहे, पण ती पाषाणातील राहिलेली नाही.

शौर्याला श्रेणी नसते

२६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या परमवीर चक्राने आजवर २१ वीर गौरवले गेले. त्यांपैकी १२ राजादिष्ट अधिकारी आणि ९ जवान व सुभेदार वर्गातील आहेत. एकूण सैन्यात अधिकाऱ्यांची संख्या किती अल्प आहे हे लक्षात घेतले, तर पहिल्या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो : ज्याने हुकूम द्यायचा, तो सर्वांच्या पुढे चालतो, अशी या सैन्याची रीत आहे. दुसरा आकडा सांगतो की सर्वोच्च धैर्याला सनद लागत नाही.

जुलै १९९९ मधील लागोपाठच्या दोन रात्री पाहाव्यात. २ व ३ जुलैच्या रात्री खालूबारवर गुरखा रायफल्सचे लेफ्टनंट मनोजकुमार पांडे आपल्या जवानांच्या पुढे राहून शत्रूचे मोर्चे जिंकत असता धारातीर्थी पडले, वय २४. पुढच्याच रात्री टायगर हिलच्या कड्यावर ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव अनेक गोळ्या अंगावर झेलूनही लढत राहिले, वय १९. एक अधिकारी, दुसरा नुकताच भरती झालेला जवान. पदक एकच, परमवीर चक्र.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे हे नाईक होते आणि नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हे शिपाई होते. दोघांपैकी कोणाच्याही खांद्यावर तारा नव्हता.

हिशेबाची बाजू

व्यापारी वाचकाला आकड्यांवाचून चित्र पुरे वाटणार नाही. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये, तर नियमित शिपायाचे २१,७०० रुपये ठरले. निवृत्तिवेतनासाठी जवानाला किमान १५ वर्षे, तर अधिकाऱ्याला २० वर्षे सेवा लागते. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती बहुधा सेवेच्या कालावधीने मिळते. त्यापुढे कर्नल होण्यासाठी निवड मंडळाची चाळणी आहे आणि तीत बरेच जण अडतात. जनरल होणारे विरळाच, हे मुलाच्या खांद्यावर पहिला तारा लावताना पालकांनी जाणून असावे.

जबाबदारी अधिक म्हणून वेतन अधिक, हे तत्त्व आपल्याला पटते. पण वेतन वेगळे आणि जोखमीचा मोबदला वेगळा. कठीण सैनिकी जीवनासाठी दिले जाणारे सैनिकी सेवा वेतन सातव्या आयोगाने अधिकाऱ्यांसाठी १५,५०० रुपये ठेवले. जवान व सुभेदार वर्गासाठी ५,२०० रुपये. सियाचेनच्या हिमनदीवरील भत्ता २०१७ मध्ये वाढला तेव्हा अधिकाऱ्यांना दरमहा ४२,५०० आणि जवानांना ३०,००० रुपये ठरले. पूर्वीच्या तुलनेत जवानांची वाढ प्रमाणाने मोठी होती, हे खरे. तरीही उणे तापमान खांद्यावरील तारे पाहून बोटे गोठवत नाही. जबाबदारीचे मोल निराळे असावे. थंडीचे मोल निराळे का असावे, हा प्रश्न जवानांच्या घरांतून विचारला जातो आणि तो गैरवाजवी नाही.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि जवानाच्या दाराची चौकट बदलली. आता शिपाई म्हणून होणारी भरती ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी होते. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये मिळतात. त्यांतील ३० टक्के सेवानिधीत जमा होतात व शासन तितकीच भर घालते. चार वर्षांच्या अखेरीस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती येतात. त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही; बाविशी-पंचविशीत त्यांना नवा व्यवसाय शोधावा लागतो. शिस्त, वक्तशीरपणा आणि जबाबदारी शिकून आलेला असा तरुण आपल्या दुकानात, कारखान्यात, वाहतुकीच्या धंद्यात किती उपयोगी पडेल, याचा विचार व्यापारी समाजाने आतापासून करावा.

आपल्या घरांसाठी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सैन्याचे दार बंद आहे, असा एक समज आपल्याकडे आढळतो. तो खरा नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूसेना शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. भौतिकशास्त्र आणि गणित यांची अट नौदल व वायुदलासाठी आहे. परीक्षेतील गणिताची तयारी मात्र करावी लागते. पदवीनंतर चेन्नईच्या प्रबोधिनीतून मिळणारी अल्पमुदतीची सनद १० वर्षांची असते व ती १४ वर्षांपर्यंत वाढू शकते. म्हणजे पस्तिशीच्या आसपास परत येऊन कौटुंबिक व्यवसाय सांभाळणेही शक्य आहे. जो उद्योग सोडू शकत नाही, त्याच्यासाठी १९४९ पासूनची प्रादेशिक सेना आहे. १८ ते ४२ वयाचा, पदवीधर, स्वतःचे उपजीविकेचे साधन असलेला नागरिक तीत अधिकारी होऊ शकतो आणि ठरावीक काळ प्रशिक्षण व सेवा देऊन पुन्हा आपल्या कामावर परततो.

तयारीसाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातील पहिली. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करते. नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था झाली आहे.

मुलींच्या बाबतीत तर दारांचा क्रम उलटा आहे. परिचारिका व वैद्यकीय सेवा वगळता, १९९२ मध्ये स्त्रिया अधिकारी म्हणून भूसेनेत येऊ लागल्या. जवान म्हणून त्यांची भरती सैनिकी पोलीस दलात सुरू झाली ती २०१९ मध्ये. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम सनदेचा मार्ग मोकळा केला, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि २०२५ मध्ये ती दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली.

घरात हा विषय निघाला तर पगार आणि रजा यांच्या पलीकडे जाऊन मुलाशी बोलावे. इतरांसाठी निर्णय घेण्याचे आणि चुकल्यास त्याचे ओझे वाहण्याचे बळ त्याच्यात आहे काय? की स्वतःचे काम चोख करून साथीदारांच्या विश्वासाला उतरणे त्याला अधिक भावते? दोन्ही वृत्ती देशाला हव्या आहेत. ‘आपल्या घरचा मुलगा शिपाई कसा होईल’ या लाजेपोटी किंवा ‘अधिकारी झाला की ऐट’ या हौसेपोटी दार निवडले, तर ते पुढे जाचक होते.

शेवटी एक गोष्ट आपल्या वागण्याविषयी. निवृत्त कर्नल आपल्याला भेटतात ते संस्थेच्या समारंभात, प्रमुख पाहुणे म्हणून. त्यांना आपण शाल-श्रीफळ देतो. निवृत्त हवालदार आपल्याला रोज भेटतो; सराफीच्या दुकानाच्या दारात, बँकेच्या पायरीवर, गोदामाच्या फाटकाशी, खांद्याला बंदूक लावून उभा. आपण त्याला ‘ए वॉचमन’ अशी हाक मारतो. त्याने कदाचित द्रासला, कदाचित सियाचेनला हिवाळे काढलेले असतात. सैन्याने घातलेले अंतर जबाबदारीचे होते. त्याचे माणसाच्या किमतीत रूपांतर करणारे आपणच. उद्या दुकान उघडताना त्याला नावाने हाक मारावी आणि विचारावे, “हवालदारसाहेब, आपली पलटण कोणती?” तो उत्तर देईल तेव्हा त्याच्या आवाजात काय उतरते, ते ऐकावे.